जंगल वाचवायचं, पण कोणापासून?

जंगल वाचलं पाहिजे, यावर आपल्यात दुमत नसतं. मला छळणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : त्याची किंमत कोणी मोजायची?

थायलंडमध्ये, म्यानमारच्या सीमेला लागून कैंग क्राचान नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९८१मध्ये स्थापन झालेलं, देशातलं सर्वांत मोठं. तिथे वाघ आहेत, दुर्मीळ सयामी मगर आहे. आणि डोंगरात वर, बांग क्लोई भागात, उद्यान होण्याआधीपासून राहणारे कारेन आदिवासी होते. त्यांची शेती फिरती. एका तुकड्यावरचं रान तोडून जाळायचं, भात घ्यायचा, मग काही वर्षं ती जागा सोडून द्यायची. तिथे पुन्हा रान माजतं.

१९९६मध्ये त्यांना खाली आणून वसवलं गेलं. तिथे पोट भरेना, म्हणून काही जण परत वर गेले. २०११मध्ये उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी त्यांची घरं आणि भाताची कोठारं जाळली. त्याविरुद्धच्या खटल्यात गावकऱ्यांना मदत करणारा बिली हा कारेन तरुण एप्रिल २०१४मध्ये बेपत्ता झाला. जंगलातला मध गोळा केला म्हणून त्याला पकडलं होतं. सोडून दिलं, असं अधिकारी म्हणाले. २०१९मध्ये तिथल्या धरणातल्या तेलाच्या पिंपात त्याचं हाड सापडल्याचं तपास यंत्रणेने जाहीर केलं. खून कोणावरही सिद्ध झालेला नाही.

२०१८मध्ये न्यायालयाने घरं जाळणं बेकायदा ठरवलं, भरपाई दिली. परत जाण्याचा हक्क मात्र दिला नाही. २०२१च्या सुरुवातीला काही कुटुंबं तरीही वर गेली. मार्चमध्ये त्यांना पकडून खाली आणलं. जुलैमध्ये हे जंगल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

यावर एक युक्तिवाद होतो, आणि तो पोकळ नाही. लोकसंख्या वाढते, बाजार जंगलापर्यंत पोचतो. सगळ्यांना राहू दिलं तर वाघ उरणार नाही. खरंय. आदिवासी घरात जन्मला म्हणून माणूस आपोआप जंगलाचा राखणदार होत नाही. पण यातून फार तर एवढंच निघतं की, नियम हवेत आणि ते तिथल्या लोकांबरोबर बसून ठरवायला हवेत. कोठारातला भात जाळायची परवानगी यातून निघत नाही.

आपल्या गाड्यांचा धूर शहराची हवा बिघडवतो. आपल्याला पीयूसी काढायला सांगतात. आपलं घर कोणी पेटवत नाही. निसर्गाचं नुकसान हाच गुन्हा असेल, तर शिक्षेत एवढा फरक का? मला दिसणारं उत्तर सरळ आहे : आपल्याकडे मत आहे, वकील आहे, आवाज आहे. म्हणजे शिक्षा नुकसानावरून ठरलेली नाही, माणूस किती दुबळा आहे यावरून ठरली आहे.

म्हणून मला मानवी हक्क आणि पर्यावरण ही दोन वेगळी खाती वाटत नाहीत. राखीव जंगलातल्या वाघाचे फोटो मीही आवडीने बघतो. आता मात्र त्यासोबत एक प्रश्न येतो : इथे आधी कोण राहत होतं, आणि ते आता कुठे आहेत?