कऱ्हाकाठापासून नीरा-भीमा संगमापर्यंत

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने पन्हाळ्याकडचे मोरोपंत (१७२९–१७९४) इथे स्थिरावले आणि आर्या रचत राहिले. तिथून भिगवणमार्गे पळसदेव गाठावे. या वाटेवरचे सर्वांत विलक्षण ठिकाण हेच. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. जुने गाव जलाशयाखाली गेले, वस्ती महामार्गालगत हलली. पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र जागेवरच राहिले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की कोरीव खांब उघडे पडतात, त्यांवर सुकलेल्या गाळाचा थर असतो. पुढे इंदापूर, शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची रणभूमी. त्यांची गढी घाई न करता पाहावी. शेवटचा मुक्काम नीरा नरसिंहपूर. इथे नीरा भीमेला मिळते आणि संगमापलीकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो.