यादीत नसलेला शेजारी

सहकुटुंब डोंगरात तंबू ठोकून राहायचे ठरले की आपण प्रथम यादी करतो: तंबू, पांघरुणे, शिधा, औषधे. तीत आपल्याच गरजा असतात. जेथे आपण पाहुणे म्हणून जाणार, तेथील रहिवाशांचा विचार क्वचितच असतो.

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात योसेमिटी हे १८९० साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मुक्कामाच्या जागी पोलादी पेट्या असतात. खाद्यपदार्थच नव्हे, तर साबण आणि टूथपेस्टही त्यांत बंद करून ठेवावी लागते. हा नियम अस्वलांमुळे आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल भीड सोडते, मोटारी फोडते आणि कधीकधी शेवटी त्याला ठार करावे लागते. अपराध आपला, देहदंड त्याला!

ज्या चुकीमागे दुष्ट हेतू नाही, तिला पाप म्हणावे काय? आम्हांस वाटते, परिणाम ठाऊक असूनही केलेली हयगय निष्पाप राहत नाही.

दमलेला बाप रात्री पुन्हा उठून विसरलेला बिस्किटांचा पुडा पेटीत ठेवतो, तेव्हा न दिसलेल्या जीवाचीही काळजी वाहायची असते, हे मुले न सांगता शिकतात.