ग्रंथ कागदाचा, विद्या कोणाची?

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं परवां आम्हांस विचारिलें कीं, कन्या संगणकाचें प्रोग्रॅमिंग शिकूं लागली आहे; तिला छापील ग्रंथ घेऊन द्यावा, कीं पडद्यावरील पुस्तकावर भागवावें? प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा वाटतो. परंतु खोल विचार करितां तो नीतीच्या प्रांतांत शिरतो, असें आम्हांस दिसून आलें.

प्रथम छापील ग्रंथाची बाजू पाहूं. कर्निघन व रिची यांचें ‘सी’ भाषेवरील पुस्तक १९७८ सालीं निघालें. त्यांतील पहिला प्रोग्रॅम केवळ दोन शब्दांचें एक अभिवादन उमटवितो. पण पुस्तक कागदावर आणि यंत्र समोर. त्यामुळें ती प्रत्येक ओळ वाचकास स्वतःच्या बोटांनीं टंकावी लागे. एखादा अर्धविराम राहिला कीं यंत्र अडून बसे, आणि तो कोठें राहिला हें शोधतां शोधतां भाषेचें व्याकरण अंगवळणीं पडे.

म्हणून कागदच श्रेष्ठ, असा निकाल देणें मात्र उतावीळपणाचें होईल. पायथन भाषेची तिसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली, आणि अक्षरें उमटविण्याची साधी आज्ञाहि निराळ्या रीतीनें लिहावी लागूं लागली. जुन्या ग्रंथांतील कित्येक उदाहरणें त्या आवृत्तींत चालेनाशीं झालीं. वाळलेल्या शाईस हें कळविणार कोण? पडद्यावरील पुस्तक रातोरात सुधारतां येतें. शिवाय, ॲबेल्सन-सस्मन प्रभृतींचा १९८५ सालचा विख्यात ग्रंथ आज समग्र पडद्यावर विनामूल्य वाचतां येतो. ज्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट नाहीं, त्यास कागदाच्या सुगंधाचें माहात्म्य सांगणें, हा भरल्या पोटीं केलेला उपवासाचा उपदेश होय.

मग पडद्यांत दोष कोणता? एवढाच कीं, तेथें उदाहरण बोटाच्या दाबासरशीं उचलून दुसरीकडे ठेवितां येतें. तें चालतें, उत्तर बरोबर येतें, आणि शिकणारा समजतो कीं आपणांस तें आलें. शेजाऱ्याच्या पाटीवरील गणित उतरून घेणाऱ्या मुलास आपण उतरून घेतलें हें निदान ठाऊक असतें. येथें तीहि जाणीव उरत नाहीं. या लबाडींत फसविणारा व फसणारा एकच असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, हातानें टंकलें म्हणजे समजलें असें थोडेंच आहे? अर्थ न कळतां घोकलेले मंत्र आपण सर्वांनींच ऐकिले आहेत. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. श्रम ही विद्येची खूण नव्हे. ती केवळ तिची वाट आहे, आणि वाट चालूनहि मुक्काम चुकूं शकतो.

तेव्हां त्या गृहस्थांस आम्हीं इतकेंच सांगितलें: पुस्तक परवडेल तें घ्यावें. परंतु उदाहरण कन्येनें स्वतः टंकावें. मग पुस्तक मिटून, पडदा असल्यास तो झांकून, पुन्हां लिहावें. पुढें त्यांत एखादा फेरफार करून, काय घडेल तें यंत्रास विचारण्यापूर्वीं मनाशीं ताडावें. ताळा जुळला तर विद्या तिची झाली; न जुळला तर ती अद्यापि ग्रंथकाराचीच आहे.