पावती मिळाली, पण हिशेब मिटला का?



गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून झालेला एक लहानसा अपघात तुमच्यापैकी काही जणांना ठाऊक आहे. एका आजारी आजींना ख्रिस्तप्रसाद देऊन मी सकाळी वसईहून परत येत होतो. बाजाराच्या नाक्यावर इंडिकेटर न देताच उजवीकडे वळलो आणि मागून येणारा पाववाला स्कूटरसह माझ्या गाडीवर आदळला. वेग कमी होता म्हणून निभावले. तो उठून उभा राहिला, पण त्याचे पाव चिखलात पडले आणि स्कूटरचा दिवा फुटला. "भाऊ, कुठं लागलं का?" मी विचारले. "नाही फादर," तो म्हणाला.

बघता बघता गर्दी जमली. आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "फादर, चूक माझी होती असं म्हणू नका, उगाच अडकाल." हवालदारसाहेबांनी माझा झगा पाहिला आणि म्हणाले, "फादर, तुम्ही निघा. मागून येणाऱ्यानं बघून यायला नको?" खरे सांगतो, त्या क्षणी गाडीत बसून निघून जाणे फार सोपे होते. पण मी म्हणालो, "साहेब, इंडिकेटर मीच दिला नव्हता. चलन माझ्या नावाने करा." त्यांनी मशीनवर चलन केले. पाचशे रुपये दंड मी त्याच संध्याकाळी भरला.

याचा मला थोडा अभिमानच वाटला. पुढच्या रविवारी युवकांच्या सभेत मी ही गोष्ट प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणून सांगितलीसुद्धा.

दीड महिन्याने तोच पाववाला त्याच नाक्यावर भेटला. स्कूटरचा दिवा चिकटपट्टीने बांधलेला होता. बोलता बोलता कळले की, चिखलात गेलेल्या पावांचे पैसे मालकाने त्याच्या पगारातून कापले. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला म्हणून चार दिवस कामावर जाता आले नाही. ते खाडेही पगारातून गेले. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, मी विचारले म्हणून त्याने सांगितले एवढेच. मी भरलेले पाचशे रुपये सरकारजमा झाले होते. त्यातला एक रुपयाही या माणसापर्यंत पोहोचला नव्हता, आणि मी मात्र हिशेब मिटला असे समजून चाललो होतो.

त्या रात्री मला सेमिनरीतले तत्त्वज्ञानाचे वर्ग आठवले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या पाचव्या भागात इजेचे प्रकार सांगितले आहेत. जे कोणालाही आधी कळण्यासारखे नसते, ते दुर्दैव. मनात दुष्टावा नसतो, पण विचार केला असता तर कळले असते, ती चूक. जाणूनबुजून केलेला तो अन्याय. आपण मात्र पहिल्या दोन्ही प्रकारांना 'अपघात' हा एकच शब्द वापरतो. 'अपघात झाला' असे म्हटले की तो जणू आपोआप झाला. माझा अपघात दुर्दैव नव्हता, ती चूक होती. इंडिकेटरची दांडी माझ्या हाताशीच होती.

संत थॉमस अक्वायनस आणखी पुढे जातात. अन्यायाने दुसऱ्याचे काही घेतले, तर त्यात दोन गोष्टी असतात, असे ते म्हणतात. एक म्हणजे दोघांमध्ये पडलेली तफावत. ती भरपाईनेच दूर होते. दुसरी म्हणजे अपराध. त्याच्यावर उपाय शिक्षा, आणि ती देणे न्यायाधीशाचे काम. ते इथे अन्यायाने घेतलेल्या वस्तूविषयी बोलत आहेत, पण ही विभागणी मला माझ्या प्रसंगाला तंतोतंत लागू पडते असे वाटले. मी शिक्षा भोगली होती, भरपाई केली नव्हती. दंडाची पावती शासनाच्या खात्याची आहे, पाववाल्याचे खाते अजून उघडेच होते.

बंधुभगिनींनो, पापनिवेदनाबाबतही आपली अशीच गल्लत होते. ख्रिस्तसभेचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणग्रंथ परिच्छेद १४५९ मध्ये स्पष्ट सांगतो की, पापक्षमेने पाप जाते, पण त्या पापाने झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. शक्य असेल ती भरपाई आपणच करायची असते. जक्कयवर कोणी दंड बसवला नव्हता. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे त्यानेच ठरवले.

देशाचा कायदासुद्धा केवळ दंडावर थांबत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघातात कोणी जखमी झाल्यास त्याला वैद्यकीय मदत मिळावी यासाठी चालकाने शक्य ते सर्व करायचे असते. मी फक्त "लागलं का?" एवढे विचारले. पोलीस, फादर आणि गर्दी यांच्यासमोर उभा असलेला गरीब माणूस "नाही" याशिवाय काय म्हणणार? त्याला डॉक्टरकडे घेऊन जाणे माझे काम होते. वाहनाचा तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, तोही आपल्या गाडीसाठी नसून आपल्यामुळे ज्याचे नुकसान होते त्याच्यासाठी आहे. "चूक कबूल करू नका" हा सल्ला आपल्याला वाचवणारा वाटतो, पण त्याची किंमत रस्त्यावर पडलेला माणूस भरतो.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीत गेलो. पाव, दिवा आणि चार दिवसांचे खाडे असा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला. मी थोडे जास्त पुढे केले तेव्हा त्याने मोजून वरचे परत दिले. "झालं तेवढंच द्या, फादर." चार दिवस सोसलेल्या दुखण्याचा हिशेब मात्र कसा करायचा? जिथे नेमकी परतफेड शक्य नसते, तिथे जमेल तेवढी करावी, असे संत थॉमस म्हणतात. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, मग हसला आणि आम्ही चहा घेतला. आता नाक्यावर तो हात करतो.

जून २००७ मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात रस्त्यावरच्या दहा आज्ञा आहेत. दोषी चालक आणि अपघातग्रस्त यांची योग्य वेळी भेट घडवून आणावी, म्हणजे दोघांनाही क्षमेचा मोकळेपणा अनुभवता येईल, असे आठवी आज्ञा सांगते. ही आज्ञा मी पूर्वी वाचली होती, पण ती माझ्यासाठीही आहे हे मला त्या बेकरीत कळले.

आपल्या धर्मग्रामात आता जवळजवळ प्रत्येक घरी एक तरी वाहन आहे. कोणाच्या बाबतीत असे काही घडले असेल, दंड भरून झाला असेल, पण समोरच्या माणसाकडे जाणे राहून गेले असेल, तर याच आठवड्यात जा. एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल तर मला सांगा. संध्याकाळच्या मिस्सानंतर मी तुमच्याबरोबर येईन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू