एका सेकंदातले फोटो

एका तालुक्याच्या गावात बहीणभावाचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत दोघेही कॅमेरा घेऊन उभे राहत. कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे दोघांच्याही फायलींना नावं सारखीच पडत: डीएससी ०००१, डीएससी ०००२. एका फोल्डरमध्ये ठेवायला गेलं की गोंधळ.

भाऊ झपाट्याने काम उरकणारा. त्याने कार्डांवरचे फोटो संगणकावर उतरवले आणि एक शेल स्क्रिप्ट लिहिली. फोटोत नोंदलेली तारीख-वेळ वाचायची, तेच फायलीचं नाव करायचं, सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये लावायचे. हाताने करायला दोन दिवस गेले असते; स्क्रिप्टने चहा निवायच्या आत संपवलं.

"ताई, झालं बघ. कार्डं रिकामी करू?"

"थांब. आधी मोज."

दोन्ही कार्डांवर मिळून १,८६० फोटो होते. फोल्डरमध्ये १,४१२ निघाले. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश मात्र एकही नव्हता.

ताई फोल्डर उघडून बसली. हळदीचे फोटो बहुतेक सगळे होते. पंगतीचेही होते, जिलेबी वाढणाऱ्याचेसुद्धा. मग गोरज मुहूर्त आला. सहा वाजून बेचाळीस मिनिटं, सातवा सेकंद. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि दोघांनीही बटण दाबून धरलं होतं. त्या एका सेकंदात अकरा फोटो निघाले होते. फोल्डरमध्ये उरला होता एकच, सगळ्यात शेवटचा, आणि त्यात नवरीचे डोळे मिटलेले.

अकराही फोटोंना एकच नाव मिळालं होतं. त्या नावाची फाइल आधीच असली, तरी स्क्रिप्टमधली नाव बदलणारी 'एमव्ही' ही आज्ञा सहसा विचारत नाही. जुनीच्या जागी नवी बसवते आणि जुनी कचरापेटीतही ठेवत नाही. त्यामुळे जिथे फोटो विरळ होते तिथलं काहीच गेलं नाही. जिथे लग्न लागलं, नेमकं तिथलंच गेलं.

"स्क्रिप्टने दगा दिला," भाऊ म्हणाला.

"नाही रे, तू सांगितलंस तेच तिने केलं. हाताने चूक झाली तर एक फोटो जातो, स्क्रिप्टने झाली तर शेकडो. म्हणून चालवायच्या आधी काय करणार आहे, ते तिच्याकडून वदवून घ्यायचं."

कार्डं शाबूत होती, म्हणून फोटो पुन्हा उतरवता आले. ताईने 'एमव्ही'च्या आधी 'इको' लिहिलं. आता स्क्रिप्ट एकाही फायलीला हात लावेना. जुनं नाव कोणतं आणि नवं कोणतं होणार, एवढंच ओळीओळीने छापू लागली. ती यादी तिने जपून ठेवली, पुढेमागे नावं पूर्ववत करायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून. नव्या नावांचा रकाना तिने 'सॉर्ट'ने लावून 'युनिक'ला दुबार नावं तेवढी दाखवायला सांगितली. पडदा भरून गेला. मग तिने प्रत्येक नावाच्या शेवटी कॅमेरा कोणाचा ते आणि कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक जोडला. पुन्हा पाहिलं, तर दुबार एकही नाही. तेव्हा कुठे 'इको' काढलं, आणि तरीही 'एमव्ही'ला 'एन' हा पर्याय लावला, म्हणजे त्या नावाची फाइल असलीच तर तिच्यावर दुसरी बसू नये.

या वेळी भावाने स्वतः मोजले. १,८६०. मग त्याने स्क्रिप्टमध्ये आणखी थोड्या ओळी घातल्या: सुरुवातीला फायली मोजायच्या, शेवटी पुन्हा मोजायच्या, आणि आकडे जुळले नाहीत तर तसं सांगायचं.