‘माहिती ठेवली जात नाही’

टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत दगावले, असा प्रश्न सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारला गेला. केंद्रीय श्रम मंत्रालयाने उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. गदारोळ झाला आणि ओसरला. खरे तर सांख्यिकी खात्याचे काम अशाच उत्तरापासून सुरू व्हायला हवे.

हाती आलेला आकडा खरा की खोटा, यावर आपण तावातावाने भांडतो. जो आकडा जन्मालाच आला नाही त्याच्यासाठी भांडायला कोणी नसते. घरकामात बायकांचा किती वेळ जातो, याची प्रायोगिक पाहणी सहा राज्यांत १९९८-९९ मध्येच झाली होती. देशव्यापी पाहणी व्हायला मात्र २०१९ उजाडले. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ९७, हे तेव्हा कळले. प्रश्न माहीत होता, मोजण्याची रीत माहीत होती. घाई तेवढी कोणाला नव्हती.

घाई कोणाची ऐकली जाते? ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२१ च्या जनगणनेत कोणते विषय असावेत, यावर २०१५ मध्ये जनतेचे म्हणणे मागवले. निकष आधीच जाहीर केले होते: माहिती कशासाठी हवी, लहान भागापर्यंत हवी का, दुसरीकडून मिळते का. निर्णय कारणांसह छापले. पद्धत अनुकरणीयच आहे. माजी सैनिकांविषयीचा नवा प्रश्न त्या जनगणनेत आला. पण त्यांच्यामागे रॉयल ब्रिटिश लीजनसारखी जुनी, बलाढ्य संघटना मोहीम चालवत होती. निवेदने मागवली की निवेदन लिहू शकणारेच पुढे येतात.

मराठवाड्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांनी कोणाला निवेदन द्यावे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीने २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतर मोजले, ते कामासाठी एक ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांचे. २०२१-२२ चा गाळप हंगाम जूनपर्यंत लांबला. अशा वर्षी जे सर्वाधिक काळ बाहेर राहिले, तेच या व्याख्येबाहेर पडतील. २०११ ची जनगणना फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन तोडीच्या दिवसांत. गावच्या शाळेच्या पटावरचे मूल त्या वेळी कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत असते. हंगामी वसतिगृह किती मुलांचे आणि कुठे काढायचे, हा निर्णय मग अंदाजाने होतो.

म्हणून खात्याने निवेदनांची वाट पाहत बसू नये. विधिमंडळातली ‘माहिती संकलित केलेली नाही’ अशी उत्तरे आणि माहिती अधिकारात त्याच कारणाने परत गेलेले अर्ज दरवर्षी एकत्र करावेत. ही गरजांची आयती यादी आहे. तिच्यात अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि मुकादम यांना विचारून भर घालावी.

क्रम लावताना तीन गोष्टी पाहाव्यात: आकड्यावाचून कोणता निर्णय चुकतो आहे, चुकीचा भुर्दंड कोणाला बसतो आणि हजेरीपटासारख्या असलेल्या नोंदींतून उत्तर निघेल का. अन्नसुरक्षा कायद्याचे लाभार्थी अजून २०११ च्या लोकसंख्येवर ठरतात. २०२१ ची जनगणना लांबत २०२७ वर गेली. भुर्दंड बसला तो २०११ नंतर वाढलेल्या गरीब कुटुंबांना. या कसोटीवर ती जनगणना रांगेत सर्वांत पुढे असायला हवी होती.

प्रश्नावली मात्र फुगवून चालणार नाही. लांबलेल्या मुलाखतीत सांगणारा कंटाळतो, लिहिणारा उरकतो. नवा प्रश्न घ्यायचा तर जुना एखादा गाळावा लागेल आणि गाळल्याचे कारणही सांगावे लागेल. ही निवड मंत्रालयांच्या सोयीवर सोडता येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी आयोग २००६ पासून आहे, पण त्याला कायद्याचे पाठबळ नाही. ते आधी द्यावे.

राज्यात सुरुवात त्याहून सोपी आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढते. तिला एक परिशिष्ट जोडावे: यंदा लोकांनी काय विचारले, त्यातले काय मोजायला घेतले, काय नाकारले आणि का. नकार कारणासह छापला गेला, तर ऊसतोड कामगारालाही पुढच्या वर्षी नेमके कशावर भांडायचे ते कळेल.