दोन नंबरचा प्लग

कधीकधी होणारा बिघाड असं काही नसतं. बिघाड असतो, त्याच्या अटी असतात, आणि अटी जुळल्या की तो दर वेळी होतो. नगरच्या एमआयडीसीजवळ गॅरेज चालवताना हे रोज दिसतं, पण नीट मांडायला मी शिकलो ते अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहातून. एक निवृत्त संस्कृत शिक्षक रविवारी दुपारी मला न्यायशास्त्राची ही छोटी पोथी शिकवायचे.

गेल्या पावसाळ्यात एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक आली. रिमॅप करून बूस्ट वाढवलेला, इंटरकूलर मोठा टाकलेला. गावात तक्रार नाही. पण इमामपूर घाटात चौथ्या गिअरला दाबली की झटके, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. घाट संपला की पुन्हा शांत. त्याआधी दुसरीकडे प्लग बदलून झाले, फिल्टर झाला, पेट्रोलचा पंपही झाला. प्रत्येक वेळी थोडे दिवस गाडी बरी चालायची आणि पुन्हा तेच. मालकाच्या आईचं म्हणणं, पोराला साडेसाती आहे. घोडेगावावरून शिंगणापूर जवळच, शनिवारी तेल वाहून यावं.

मला आईपेक्षा त्या पार्ट बदलणाऱ्यांची काळजी जास्त वाटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर कावळ्याला कारण ठरवता येत नाही. आमच्या धंद्यात मात्र त्या कावळ्याचं बिल लागतं.

नैयायिक म्हणतात, धूर तिथे अग्नी हे खरं. पण अग्नी तिथे धूर हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं इंधन लागतं. या मधल्या अटीला ते उपाधी म्हणतात. मला या गाडीचं ओलं इंधन हवं होतं.

स्कॅनर लावून शेंडी, जेऊर करत घाटात गेलो. कोड पी-०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, हे ओळखतो क्रँकच्या फिरण्यावरून. एखाद्या सिलिंडरने जोर दिला नाही की क्रँकची गती तेवढ्यापुरती मंदावते. नोंदीत प्रत्येक वेळी एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे भरलेला बूस्ट. दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसांत बदलल्या. बिघाड दोनवरच राहिला. मग त्यांचे प्लग आपसांत बदलले, आणि पुढच्या चढाला कोड तीनचा आला.

तो प्लग उन्हात धरून फिरवला. पांढऱ्या चिनी मातीवर शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ, वरून थेट खालच्या लोखंडी नटापर्यंत. बसवताना सॉकेट तिरका लागला असणार आणि केसाएवढी चीर गेली असणार. टर्बोने हवा दाबून भरली की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. फट अवघड झाली की वीज बाहेरच्या रेघेने खाली उतरायची. म्हणजे ठिणगी एकदाही चुकली नव्हती. ती दर वेळी पडतच होती, फक्त चढावर भलत्या जागी. रेघेचा डाग कॉइलच्या रबरी बुटात आतून उमटू लागला होता, म्हणून नव्या प्लगबरोबर बूटही नवा टाकला.

गाडी घाटात सुरळीत चढली. इथे बहुतेक जण बिल करतात. मी जुना प्लग पुन्हा बसवला आणि पुन्हा घाटात गेलो. झटके परत आले. असेल तर होतं आणि नसेल तर होत नाही, हे दोन्ही दिसल्याशिवाय अन्वय-व्यतिरेक पुरा होत नाही. बरी झालेली गाडी मुद्दाम बिघडवून पाहणं गिऱ्हाइकाला आवडत नाही. पेट्रोल, वेळ सगळं जातं. तरी माझ्या मते खरेपणा आहे तो याच फेरीत.

कर्मसिद्धांत मानणाऱ्या माणसाने तर 'झालं असंच' कधी म्हणूच नये. कारणावाचून काही घडत नाही, हाच त्या सिद्धांताचा गाभा. शनी कर्माचं फळ देतो असं आपण मानतो. मग सॉकेट तिरका लावणाऱ्या हाताचं कर्म त्यातून कसं वगळायचं? वैशेषिक सूत्रकार कणादांनी लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचं कारण अदृष्ट, म्हणजे न दिसणारी शक्ती, असं सांगितलं. ते आज कोणी स्वीकारणार नाही. पण ढकलणारा हात दिसत नाही, हे पाहून त्यांनी ते म्हटलं होतं; बॉनेट न उघडता नाही. अदृष्टाचं नाव घेण्याचा अधिकार दिसणारी कारणं तपासल्यावरच येतो, आणि तोही पुढच्या तपासणीपर्यंतच.

गाडी न्यायला आई सोबत आली होती. मी प्लगवरची रेघ दाखवली. तिने ती नखाने घासून पाहिली, पटलं तिला. मग म्हणाली, "पण दादा, एवढ्या गाड्यांचे प्लग बदलतात रोज. चीर माझ्याच पोराच्या प्लगला का पडली?"

"ते मला तपासता येत नाही, काकू," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि पोराला गाडी घोडेगावकडे घ्यायला सांगितली.